इंफाळची पाटी

सप्टेंबर २००७ मध्ये मी एम.एस्सी. करायला इंग्लंडमधल्या यॉर्कला निघालो, तेव्हा जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घरात जेवणाची, थंडीची, पैशांची, सगळ्याची चर्चा झाली. ‘हा एकटा राहील का?’ असं मात्र कोणी विचारलं नाही. सहावीपासून मी सैनिकी शाळेच्या वसतिगृहात वाढलेला. बाबा शेजाऱ्यांना सांगत, “त्याची काळजी नाही, तो तयार झालेला आहे.” मलाही तसंच वाटत होतं.

यॉर्क फार जुनं शहर. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने तिथे तळ ठोकला, पुढे व्हायकिंग आले. जुन्या गावाभोवतीचा तट अजून बराचसा उभा आहे आणि त्यावरून तीन-साडेतीन किलोमीटर चालता येतं. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. ‘स्टोनगेट’ला जायचं म्हणून मी अर्धा तास दगडी दरवाजा शोधत होतो. मग कळलं, की तिथे ‘गेट’ म्हणजे रस्ता; तो व्हायकिंगांचा शब्द. आणि तटाच्या खऱ्या वेशींना म्हणतात ‘बार’! ही गंमत मी आईला फोनवर सांगितली. ती खूप हसली. बाकीचं मी सांगितलं नाही.

बाकीचं असं होतं. पहाटे पाचला जाग यायची. अंथरूण आवरून, दाढी करून, बूट चमकवून मी साडेपाचला तयार. आणि पहिलं व्याख्यान दहाला. बिगुल नाही, फॉल इन नाही, हजेरीला कोणी नाव पुकारत नाही. आपण आलो काय, न आलो काय, कोणाला फरक पडत नाही, हे मला नवीन होतं.

खोलीतला रेडिएटर गरमच होत नसे. त्याच्या बुडाशी एक गोल खटका होता. त्यावर एक ते पाच आकडे आणि एक चांदणी. खांद्यावर तारे मिरवणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये वाढलेला मी. चांदणी म्हणजे सगळ्यात वरची पायरी, असं धरून खटका चांदणीवर लावला आणि दोन स्वेटर घालून कुडकुडत झोपू लागलो. शेजारच्या खोलीत नायजेरियाचा एक विद्यार्थी राहत होता. त्याला विचारावं असं रोज वाटे. पण थंडी वाजते म्हणून कोणाचं दार ठोठावायचं? शाळेत जानेवारीत गार पाण्याने आंघोळ केलेला मी!

वर्गातही तीच गत. सरांचे उच्चार निम्मेच कळत. तास संपताना ते “काही शंका?” असं विचारत, तेव्हा मी ताठ बसून समोर बघत असे.

रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे घरी रात्री साडेनऊला, मी फोन लावायचो. “कसा आहेस?” “एकदम ठीक.”

नवव्या दिवशी अंगात ताप होता. विद्यापीठातून पायी परतताना नेहमीची वाट चुकलो आणि फुलफर्ड रोडवर एका लष्करी फाटकाशी आलो. पाटी वाचली आणि जागीच थांबलो. ‘इंफाळ बॅरक्स’.

इंफाळ हे आमच्या घरात आजोबांचं गाव. तसे ते साताऱ्याकडचे. पण १९४४ मध्ये, सिग्नल्सचे जवान म्हणून, ते इंफाळच्या वेढ्यात होते. कोहिमाकडचा रस्ता जपान्यांनी तोडला होता आणि रसद विमानाने येत होती. अखेर २२ जूनला कोहिमाकडून आलेलं ब्रिटिश दुसरं डिव्हिजन आणि इंफाळकडून निघालेलं पाचवं हिंदी डिव्हिजन यांची गाठ पडली आणि रस्ता खुला झाला. यॉर्कशरच्या पलटणीही इंफाळला लढल्या होत्या. त्या लढाईचं नाव या बॅरकींना आहे. सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र जबलपूरला, म्हणून निवृत्तीनंतर आजोबा तिथेच राहिले. लढाईबद्दल ते क्वचितच बोलत.

त्या संध्याकाळी फोन आईने घेतला. मी म्हणालो, “आजोबांना दे.”

पाटीचं ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थंडी आहे का रे तिथे?”

“आहे. आणि आजोबा, मला ताप आहे. खोली गरम होत नाही. वर्गातलं नीट कळत नाही.”

“किती दिवस झाले?”

“नऊ.”

“नऊ दिवस फोन चालू होता ना? तार तुटली तर संदेश पोचत नाही, तो दोष तारेचा. तार धड असताना खोटा संदेश धाडला, तर दोष सिग्नलमनचा.” आवाज चढला नव्हता. “संदेशात तीन गोष्टी लागतात. मी कुठे आहे, कसा आहे, मला काय हवं आहे. आम्ही वेढ्यातून ‘सब ठीक’ कळवलं असतं, तर विमानं कशाला आली असती?”

फोन ठेवून मी शेजारचं दार ठोठावलं. तो आला, खटक्याकडे बघितलं आणि चांदणीवरून तीनवर फिरवला. चांदणी म्हणजे हिमकण! नळातलं पाणी गोठू नये एवढीच ऊब. अर्ध्या तासात खोली उबदार झाली. दुसऱ्या दिवशी तोच मला विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पुढच्या तासाला मी हात वर करून म्हणालो, “सर, मला हे कळलं नाही.” सरांनी पुन्हा सांगितलं. मागे दोघं-तिघं भराभर लिहून घेत होते. त्यांनाही कळलं नव्हतं.

माझ्या छात्र मित्रांनो, आपल्या शाळेने मला सहन करायला शिकवलं आणि ते आयुष्यभर उपयोगी पडलं. पण याच शाळेच्या मैदानावर आपण रोज रिपोर्टही देतो, आणि तो खरा द्यायचा असतो. सहन करणं म्हणजे गप्प राहणं, अशी गल्लत मी नऊ दिवस केली. तुम्हीही उद्या दूर जाल, कोणी प्रबोधिनीत, कोणी परदेशात. घरून “कसा आहेस?” असं विचारतील.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा “एकदम ठीक” म्हणाला, की आणखी एक प्रश्न विचारा. आजोबांनी मला विचारलेला प्रश्न साधाच होता: थंडी आहे का रे तिथे?