पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बदलीची नोकरी करणाऱ्यांना लावली जाते, आणि दर काही वर्षांनी धर्मग्राम बदलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही ती शोभते. परंतु तिचा शब्दशः अर्थ मी पाहिला तो २०२३ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. चाळीस वर्षांपूर्वी वसईतून तिकडे गेलेले एक दांपत्य, पती यंत्रशाळेतून आणि पत्नी परिचारिकेच्या सेवेतून निवृत्त, दरवर्षी जून सरता सरता आपले घर कुलूपबंद करते आणि चाकांवरच्या दुसऱ्या घरात बसून कॅलिफोर्नियातून उत्तरेकडे निघते. आप्त, मित्र, जुने शेजारी यांच्या गाठीभेटी घेत ऑगस्टअखेर परत. सारा गोतावळा त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो. मीही तेच म्हणेन. त्या वर्षी मी तिकडच्या एका धर्मग्रामात काही काळ सेवेसाठी गेलो होतो आणि शेवटचे तीन आठवडे मोकळे होते. “फादर, आमच्याबरोबर चला. तुमची खाट ड्रायव्हरच्या डोक्यावर!” असे वहिनींनी फर्मावले.

या वाहनाला तिकडे आर.व्ही. म्हणतात. दादांचे सुमारे पंचवीस फूट लांबीचे, म्हणजे आपल्या एसटीहून बरेच आखूड. आत गॅसची शेगडी, फ्रीज, वीतभर न्हाणीघर आणि रात्री ज्याची खाट होते असे जेवणाचे टेबल. याच टेबलावर मी रोज सकाळी मिस्सा अर्पण करीत असे. मिस्सा संपताच त्यावर चहाचे कप येत. गाडीच्या पोटात तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाची. मुक्कामाच्या जागी वीज आणि पाणी जोडायचे आणि निघताना जाड नळी लावून टाक्या रिकाम्या करायच्या. कोणती टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे भिंतीवर असतात. दादा झोपण्यापूर्वी जपमाळ संपवून या दिव्यांकडे पाहत, आणि मी आंघोळीला फार पाणी घेतले की दुसऱ्या दिवशी मला ते सौजन्याने कळत असे.

या प्रवासाचे मर्म मला वहिनींनी सांगितले. आपल्याकडे पाहुणा आला की घरातली माणसे खाली अंथरूण घालतात आणि पाहुण्याला खाट देतात. तिकडे सूनबाई सकाळी सातला कामावर निघते. तिने कोणाकोणाचे करावे? आर.व्ही. यजमानाच्या दारासमोर उभी केली की गप्पा त्यांच्या घरात आणि झोप आपल्या घरात. “कुणाला जड होत नाही, फादर. म्हणून दरवर्षी बोलावतात,” वहिनी म्हणाल्या.

पहिला मुक्काम व्हेंचुराजवळ, भाचीच्या दारी. पुढे सांता मारिया येथे वहिनींची जुनी सहकारी परिचारिका राहते, मूळची मनिलाची. तिला मी आपल्या संत गोन्सालो गार्सियांविषयी सांगितले. वसईत जन्मलेला हा माणूस मनिलाहून जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. त्या छळाला निमित्त ठरलेले ‘सान फेलिपे’ हे जहाज १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोतील आकापुल्कोला निघाले होते. वादळाने ते जपानला नेऊन आपटले. या मार्गावरची जहाजे महासागर ओलांडून याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत. तसे झाले असते तर कदाचित आमच्या वसईचा इतिहास निराळा असता. त्या बाईंनी डोळे विस्फारले आणि मला आणखी भात वाढला.

एकशे एक क्रमांकाचा महामार्ग बराचसा जुन्या मिशन केंद्रांच्या वाटेने जातो. १७६९ ते १८२३ या काळात फ्रान्सिस्कन संन्याशांनी तेथे एकवीस मिशन उभारली. त्यांचे अध्वर्यू हुनिपेरो सेरा यांना २०१५ मध्ये संतपद देण्यात आले, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या वंशजांनी निषेध केला. त्या भिंतींच्या आड त्यांचे पूर्वज रोगराईने आणि सक्तीने किती संख्येने मेले, हे ते विसरलेले नाहीत. आपणही विसरू नये असे मला वाटते. किनाऱ्याला अगदी चिकटून जाणारा बिग सूरचा रस्ता दादांनी टाळला. तो अरुंद आहे आणि दरडी कोसळतात. २०१७ साली पडलेल्या एका दरडीमुळे तो वर्षाहून अधिक काळ बंद होता. पुढे उत्तरेला क्रेसेंट सिटी नावाचे गाव लागले. १९६४ च्या गुड फ्रायडेला अलास्कात भूकंप झाला आणि त्या रात्री त्सुनामीने या गावाचा मध्यभाग धुऊन नेला. आज तेथे बंदर आहे आणि दाट धुके आहे. उन्हाळा म्हणायचा, पण स्वेटर अंगातून निघत नव्हता.

आणि मग ऑरेगन लागले. न्यूपोर्टच्या बाजूला दादांचे धाकटे भाऊ राहतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

गोष्ट वसईत नित्य घडणारी. वडिलांची वाडी, केळी, मोगरा, मध्ये बावखल आणि त्यावर रहाट. १९९८ साली वाडी विकली गेली. धाकट्यांनी मुखत्यारपत्र दिले होते, सह्या दादांनी केल्या. भाव कमी आला, की कमी सांगितला गेला, यावरून बोलणे खुंटले. अब्राहाम आणि लोट वेगळे झाले ते गुरेढोरे वाढून जमीन पुरेना म्हणून. आमच्याकडे गुरे गेली, जमिनीचे भाव वाढले आणि भाऊ वेगळे झाले. दरवर्षी दादांची गाडी त्या गावावरून न थांबता पुढे जाई. तिकडच्या सरकारी उद्यानांत मुक्कामाची जागा सहा महिने आधी राखता येते. वहिनींनी जानेवारीतच साउथ बीचच्या उद्यानात दोन रात्रींची जागा घेतली होती. नवऱ्याला सांगितले ते आदल्या दिवशी. दादा संतापले. वहिनी एवढेच म्हणाल्या, “अहो, आपण त्यांच्या घरी कुठे जातो आहोत? आपण आपल्या घरी असू. यायचे असेल तर येतील.”

संध्याकाळी धाकटे आले. गाडीत चढले नाहीत. बाहेर घडीच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि माझ्याशी बोलू लागले. १९३६ साली बांधलेला याक्विना खाडीवरचा पूल, बंदरातले खेकडे, आणि १९६७ चा तो कायदा, ज्याने ऑरेगनची सारी पुळण जनतेसाठी खुली राहिली. एका मोटेलवाल्याने वाळूत कुंपण घातले आणि त्यावरून राज्य पेटले होते, असे त्यांनी रंगवून सांगितले. दादा स्टोव्हची वात उगाच कमीजास्त करीत होते. मग एकदम धाकट्यांनी मला विचारले, “फादर, आमचे बावखल आहे का हो?”

मी शेजारच्या धर्मग्रामात होतो. मला ठाऊक होते. अर्धे भरले आहे, उरलेल्यात जलपर्णी माजली आहे आणि कडेने इमारतीची भिंत आहे, असे मी सांगितले.

“भरायचे नाही असे मी कागदात लिहून घेतले होते,” दादा स्टोव्हकडे पाहत म्हणाले.

“तो कागद मी पाहिलेला नाही.”

“तू मागितला नाहीस.”

अशा वेळी धर्मगुरूने काही बोलावे अशी अपेक्षा असते. वहिनींनी मला डोळ्यांनी गप्प राहण्यास सुचवले आणि त्यांचा अंदाज माझ्याहून अचूक होता. धाकटे न जेवता गेले. दुसरा दिवसभर कोणी आले नाही. रात्री नऊ वाजता समुद्रात सूर्य बुडाला, वसईच्याच दिशेला बुडतो तसा पश्चिमेला. वहिनी एकट्याच पुळणीवर जाऊन आल्या.

निघण्याच्या सकाळी दादा टाक्या रिकाम्या करायला गुडघ्यांवर बसले आणि जाड नळीच्या जोडातला रबर तुटला. पुढचे वर्णन करीत नाही. नेमके तेव्हाच धाकटे खेकड्यांची बादली घेऊन आले. त्यांचे आयुष्य बोटींच्या दुरुस्तीत गेले आहे. बादली खाली ठेवून त्यांनी आपल्या गाडीतून पेटी आणली आणि तेही खाली बसले. सत्तरीतले दोन भाऊ त्या मैल्याच्या भोकाशी डोकी जुळवून बसलेले, आणि तोंडाने अस्सल कादोडी. तीन आठवड्यांत दादांच्या तोंडून मी ती बोली ऐकली नव्हती. सुरुवातीचे शब्द मंगल नव्हते. नंतर कोणीतरी हसले. दादा की धाकटे, ते पाठमोरे असल्याने कळले नाही.

हात धुताना धाकटे म्हणाले, “त्या कागदाची झेरॉक्स पाठव.”

“घरी पेटीत आहे. सप्टेंबरात पाठवतो.”

खेकडे आम्ही पुढच्या मुक्कामी चिंच-खोबरे घालून खाल्ले. कागद सप्टेंबरात गेला. त्यात नक्की काय निघाले ते मी विचारले नाही. मात्र पुढच्या जानेवारीत वहिनींनी त्याच उद्यानात चार रात्रींची जागा राखली.