बोटांनी ओढलेले हसू

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही घरी शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट पाहिला. 'ब्रोकन ब्लॉसम्स' हे त्याचे नाव. थॉमस बर्क यांच्या १९१६ सालच्या 'लाइमहाऊस नाइट्स' या संग्रहातील एका करुण कथेवरून डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी तो १९१९ मध्ये काढला. मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी पाट्या माझी मुलगी तिच्या आजीला मराठीत सांगत होती.

चेंग हुआन हा चिनी तरुण बुद्धाचा शांतीचा संदेश पश्चिमेला द्यायला निघतो. पण लंडनच्या लाइमहाऊस या गरीब वस्तीत तो साधा दुकानदार होऊन बसतो, अफूच्या नादी लागतो. त्याच वस्तीत बॅटलिंग बरोज हा मुष्टियोद्धा आणि त्याची लेक ल्यूसी राहते. मॅनेजरने बरोजला झापले की तो राग ल्यूसीवर निघतो. वर तो तिला हसायला सांगतो. हसू येतच नाही, म्हणून ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. लिलियन गिश या अभिनेत्रीने हे असे केले आहे की पाहवत नाही.

आई म्हणाली, "ह्यो बी सायबाचा राग घरात आणतोय बघ."

मुलगी काही बोलली नाही. मी मान खाली घातली. काही वर्षांपूर्वी कचेरीत वरिष्ठांनी सगळ्यांदेखत माझा पाणउतारा केला होता. घरी आलो, तर लेकीच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला. मी तिच्या थोबाडीत मारली. त्याच संध्याकाळी विहारात सर्वांबरोबर पंचशील म्हटले!

चित्रपटात पुढे ल्यूसी कपाटवजा खोलीत स्वतःला कोंडून घेते आणि बाप कुऱ्हाडीने दार फोडतो. ती मार खाऊन मरते. चेंग बरोजला गोळी घालतो, ल्यूसीला घरी आणतो आणि बुद्धमूर्तीसमोर स्वतःचा जीव घेतो.

या चित्रपटात खटकण्यासारखे पुष्कळ आहे. चेंगचे काम रिचर्ड बार्थेल्मेस या गोऱ्या नटाने डोळे बारीक करून केले आहे. याच ग्रिफिथ यांनी १९१५ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' काढून कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लानचा गौरव केला होता. आणि शांतीचा संदेश घेऊन निघालेल्याने हाती पिस्तूल घ्यावे, हा धम्माचा मार्ग नव्हे. तरीही घरातल्या माराचे चित्र खोटे नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांना वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या शिकवणे. मारणे त्यात कुठेही नाही.

चित्रपट संपल्यावर मी मुलीला म्हटले, "बेटा, त्या तांब्याच्या वेळी माझं चुकलं."

ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आठवतं? मला वाटलं, विसरलात."

बंधू-भगिनींनो, मारणारा विसरतो, मार खाणारे लेकरू विसरत नाही. बाहेरच्या अपमानाशी आपण संघटित होऊन लढू. पण तो अपमान उंबऱ्याच्या आत आणून लेकराच्या गालावर उतरवू नका. जयभीम.