आधी घासायला शिका, मग रंगवायला

गाडीचं रंगकाम शिकणाऱ्या नवख्याला पहिल्या दिवसापासून कँडी किंवा मेटॅलिक मारायचं असतं. बफिंग म्हणजे शेवटी उरलेलं हमालीचं काम, असा त्याचा समज असतो. मला क्रम उलटा हवा वाटतो. बफिंग पृष्ठभागावर काही चढवत नाही, ते थर खरवडून सपाट करतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. १५०० आणि २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून मारला, मग कंपाऊंड लावून मशीन फिरवलं की त्यातलाच थोडा भाग निघून जातो. किती निघतं हे हाताला कळलं, की किती चढवायचं हेही कळतं.

कँडीच्या कामात हे लगेच दिसतं. खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर पारदर्शक रंगाचे हात आणि सगळ्यात वर क्लिअर. प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो. पेट्रोलच्या टाकीच्या कडेवर क्लिअर मुळातच पातळ बसतो. तिथे मशीन क्षणभर जास्त टेकलं तर कँडीचा थर उघडा पडतो आणि तेवढाच भाग फिका दिसतो. तो डाग तेवढ्यापुरता रंगवून मिटत नाही, अख्खी टाकी पुन्हा करावी लागते. मेटॅलिक बेसवर थेट पेपर मारला तर अॅल्युमिनियमचे कण हलतात आणि चट्टे उठतात. म्हणून पेपर क्लिअरवरच मारायचा, कडांना मास्किंग टेप लावायची, मशीनचा वेग कमी ठेवायचा आणि पॅड सतत फिरतं ठेवायचं.

आमच्या मुरबाडची हवाही आधी घासायला शिकण्याचाच धडा देते. माळशेज घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातला थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. वरवरचा पांढुरकेपणा पॉलिशने जातो. ओल थरात अडकली असेल तर कितीही घासा, जात नाही. त्यामुळे दिवाळीनंतरपासून पौषातल्या म्हसा गावच्या यात्रेपर्यंतचे कोरडे दिवस फवारणी शिकायला चांगले, आणि पावसाळा जुन्या पत्र्यावर हात बसवायला.

यावर कोणी म्हणेल, नुसतं घासून पोरगं कंटाळेल. पण भंगारातल्या मडगार्डवर अर्धा भाग घासून अर्धा तसाच ठेवला, तर फरक पाहूनच हुरूप येतो. शिवाय टू-के (दोन घटकांच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. योग्य मास्क आणि खेळती हवा नसताना फवारणीपासून सुरुवात करणं धोक्याचंच. दुसरा आक्षेप घाईच्या गिऱ्हाइकाचा: ओरखडे झाकणारं पॉलिश लावलं की गाडी तासाभरात चमकते. खरं आहे, पण पॉलिशमधलं तेल-मेण धुऊन गेलं की बफचे गोल ओरखडे उन्हात पुन्हा दिसतात. झाकलेली चमक गिऱ्हाइकाला एकदाच समाधान देते. सपाट केलेला थर त्याला पुढच्या गाडीसाठीही त्याच कारागिराकडे आणतो.