बेंगळुरूच्या वेशीवरचा आजारी पूल

पुण्याहून, कोल्हापुरातून किंवा बेळगावहून रात्रीच्या बसने निघालेला प्रवासी सकाळी जागा होतो, तो बहुधा तुमकुरूच्या आसपास. नेलमंगला मागे पडते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या पाट्या दिसू लागतात आणि एक लांबच लांब उड्डाणपूल समोर येतो. झोपाळू डोळ्यांनी पिशव्या गोळा करणाऱ्यांना तेवढेच कळते की बेंगळुरू आले! जुन्या मंडळींचे बंगलोर.

हा पीनियाचा उड्डाणपूल. लांबी ४.२ किलोमीटर, वाहतुकीला खुला झाला २०१० साली. तुमकुरूजवळच्या सिद्धगंगा मठाचे डॉ. शिवकुमार स्वामीजी यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. पुलाच्या बाजूने मेट्रोची मार्गिका धावते, खाली पीनियाची औद्योगिक वसाहत पसरली आहे. बागांचे शहर म्हणून बेंगळुरूचे कौतुक होते, संगणकाचे शहर म्हणून त्याहून जास्त. पण लेथ मशिनचा आणि तेलाचा वास असलेले बेंगळुरू पाहायचे तर ते इथेच. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. ट्रक मात्र थांबत नाहीत, कारण मुंबई-पुण्याकडून येणारा सारा माल याच महामार्गाने शहरात शिरतो.

२५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात, हा पूल एकाएकी बंद झाला. १०२ आणि १०३ क्रमांकाच्या खांबांमधल्या गाळ्यात पोटातल्या पोलादी केबली निकामी झाल्याचे आढळले होते. पूल कोसळला नव्हता. वरून जाणाऱ्याला रस्ता नेहमीसारखाच दिसत होता. अवघ्या अकरा वर्षांच्या पुलाला झाले तरी काय, हा प्रश्न शहरात जो तो विचारू लागला.

उत्तर समजून घ्यायचे तर बैलगाडीचे चाक आठवावे. लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो. थंड होताना ती आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे असे आवळून धरते, की खडकाळ रस्त्यावरही ते सुटत नाहीत. काँक्रीटचेही तसेच. ते दाब कितीही सोसते, पण ताण पडला की तडकते. म्हणून तुळई घालतानाच तिच्या पोटात नळ्या ठेवतात, त्यांतून उच्च ताकदीच्या तारांच्या केबली ओवतात, काँक्रीट घट्ट झाल्यावर जॅक लावून त्या प्रचंड जोराने ओढतात आणि टोकाला पाचर मारून पकडतात. केबल मूळ लांबीवर यायला धडपडते आणि त्या धडपडीत काँक्रीटला आवळून धरते. हेच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट. फ्रान्सच्या युजेन फ्रेसिने या इंजिनिअरने १९२८ साली त्याचे पेटंट घेतले आणि १९३९ साली तारा पकडण्याची शंकूच्या आकाराची युक्ती काढली. आपल्याकडच्या जुन्या पुलांत बारा-बारा तारांच्या अशा केबली सर्रास वापरल्या गेल्या. पुढे स्वित्झर्लंडची, तारेच्या टोकाला बटणासारखे डोके काढणारी पद्धतही आली. पोलाद कमी लागे, गाळे लांब होत आणि पूल कसा सडपातळ, देखणा दिसे!

गोम आहे ती शेवटच्या पायरीत. केबल ओढून झाली की नळीत उरलेली पोकळी सिमेंटच्या पातळ घोळाने भरायची असते. कामावरची माणसे त्याला ग्राउट म्हणतात. हा घोळ म्हणजे केबलचे पांघरूण. तो नळीभर नीट बसला तर गंजाची भीती नाही. पण घोळातले पाणी वर सुटून साचले, नळीच्या उंच भागात हवा राहिली किंवा भरायला उशीर झाला, तर त्या उघड्या जागी गंज शिरतो. साधी सळई गंजली की फुगते, काँक्रीटचा पापुद्रा उडतो, डाग दिसतात. घरमालकालाही ते कळते. नळीच्या आत मात्र सगळे झाकलेले. त्यात तार आधीच ताणलेली, त्यामुळे थोडा गंजही पुरतो. ती हळूहळू झिजत बसत नाही, तुटते.

मराठी वाचकाला हे दुखणे नवे नाही. पणजी आणि पर्वरी यांना जोडणारा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी नदीत कोसळला, तेव्हा त्याचे वय सोळा-सतरा वर्षांहून अधिक नव्हते. केबलींना लागलेला गंज हेच कारण पुढे आले. गोवेकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले, ते नवा पूल होईपर्यंत. आणि पणजीहून रायबंदरकडे जाणारा पोर्तुगीजांचा दगडी बांध, १६३३-३४ सालचा, शेजारी शांतपणे वाहने वाहतच होता! मुंबईला वाशीशी जोडणारा १९७३चा पहिला खाडीपूलही याच रोगाने जेरीला आला. परदेशांतही वेगळे नाही. वेल्समधला एक छोटा पूल १९८५ मध्ये कोसळल्यावर, १९९२ साली ब्रिटनने अशा प्रकारचे नवे पूल बांधणे काही वर्षे थांबवलेच. ११ सप्टेंबर २०२४च्या पहाटे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग एल्बे नदीत पडला. शेवटची ट्राम नुकतीच त्यावरून गेली होती.

पीनियात तसे झाले नाही, कारण दुखणे वेळेत सापडले. याचे मोल बंद पुलाखाली अडकलेल्या माणसाला पटवणे मात्र कठीण! भारतीय विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांकडे तपासणी गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटारी, रिक्षा, दुचाकी यांना वर सोडण्यात आले, पण ट्रक आणि बस यांना बंदी राहिली. अडीच वर्षे ही अवजड वाहने खालच्या रस्त्याने, नाहीतर वळसा घालून नाईस रस्त्याने गेली. पीनियातल्या कामगाराचा पाळीवर पोचण्याचा वेळ वाढला, माल उशिरा पोचला आणि बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना वेशीवरच तासभर ताटकळणे नशिबी आले.

उपाय ठरला तो असा. पुलाला १२० गाळे. प्रत्येक गाळ्यात आधीच्या दहा केबली होत्या, त्यांच्या जोडीला दोन-दोन नव्या ओवायच्या, म्हणजे एकूण २४०. अशा प्रसंगासाठी पुलाच्या आराखड्यात जादा केबलींची सोय ठेवण्याची पद्धत असते, हे सामान्य माणसाला ठाऊक नसते. नव्या केबली जागेवर बसल्यानंतर जुन्या बाराशेही टप्प्याटप्प्याने बदलायच्या. हे सगळे वरून वाहतूक चालू ठेवून! जानेवारी २०२४ मध्ये पूल काही दिवस पूर्ण बंद ठेवून भरलेले ट्रक त्यावर उभे करण्यात आले, गाळा किती वाकतो आणि भार उतरवल्यावर किती परत येतो ते मोजण्यात आले. चाचणीत तो उतरला. २९ जुलै २०२४पासून ट्रक आणि बस पुन्हा वर जाऊ लागल्या, एका अटीवर: शुक्रवारी सकाळी सहापासून शनिवारी सकाळी सहापर्यंत अवजड वाहनांनी पुलावर यायचे नाही. तो दिवस देखभालीचा.

गंमत अशी, की बाजूने धावणाऱ्या मेट्रोचा रस्ताही अशाच ताणलेल्या केबलींच्या जोरावर उभा आहे. नागसंद्रकडून गोरगुंटेपाळ्याकडे जाताना खिडकीशी जागा मिळाली तर उड्डाणपुलाचे खांब एकामागून एक मागे जाताना दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच मार्गिका पुढे मादावरापर्यंत पोचली. महाराष्ट्राकडून येणाऱ्याला शहराबाहेरच बस सोडून मेट्रो धरण्याची सोय त्यामुळे झाली आहे. शुक्रवारी पोचणाऱ्यांनी तर ती जरूर ध्यानात ठेवावी.