एकवीस वजा चौदा

पैसे देऊन वस्तू वाढवून घ्यायची, हा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. पैसे देऊन वस्तू कमी करून घेणारे गिऱ्हाईक मात्र दुकानदाराला बुचकळ्यात टाकते. "सर, तीन हायेत तर असू द्या ना! काढून टाकाले पैसे कायले देता?" असे आमच्या बुलढाण्यातल्या सायकलवाल्या चाचांनी मला विचारले. वीस वर्षे वर्गात अलंकार समजावून सांगणाऱ्या मला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काही एका वाक्यात देता आले नाही.

माझी सायकल गिअरची आहे. पायडलपाशी तीन चेनव्हील: ४२, ३४ आणि २४ दात्यांची. मागे सात चकत्यांचे फ्रीव्हील, १४ दात्यांपासून २८ पर्यंत. तीन साते एकवीस! हाच आकडा सायकलीच्या नळीवर ठळक रंगवलेला असतो आणि पोरांचे बाप त्याला भुलून पाकीट काढतात. एका रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन त्या एकविसांची झडती घेतली. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते कळते. ४२ ला २८ ने भागले, उत्तर दीड. २४ ला १६ ने भागले, उत्तर पुन्हा दीडच! ४२-२० आणि ३४-१६ यांच्यात फरक नावापुरता. ४२-२४, ३४-२० आणि २४-१४ ही तर तीन सख्खी भावंडे. एकवीस शब्दांचा म्हणून विकत घेतलेल्या कोशात तिसरा हिस्सा समानार्थी शब्दच निघावेत, तसा हा प्रकार. शिवाय पुढचे मोठे नि मागचे मोठे एकत्र घातले, की चेन तिरकी होऊन कुरकुरू लागते ती वेगळीच.

तथापि केवळ पुनरुक्तीचा दोष काढण्यासाठी मी खिशात हात घातला नसता. (विद्यार्थ्यांच्या निबंधांतला तो दोष मी फुकट काढतो.) खरी गोष्ट अशी, की मी तासिका तत्त्वावर शिकवतो. हा शब्दप्रयोग ज्यांना ठाऊक नसेल ते भाग्यवान. तास घेतला तर त्या तासाचे पैसे. बुडाला तर बुडाले. आणि घेतलेल्यांचेही हाती केव्हा पडतील ते पंचांगात सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरची काळी माती चेनवर चढे, डाव्या हाताचा खटका अडे, आणि चेन तिन्ही चेनव्हील सोडून मधल्या फटीत जाऊन बसे. जुलैत दोनदा मी काळे हात घेऊन वर्गाच्या दाराशी पोचलो, तेव्हा मुले निघून गेलेली होती. दोन तास गेले. नवा खटका, नवी तार आणि पुढचा नवा डिरेलर यांचा खर्च चाचांनी सांगितला. त्यात दोन-तीनशे रुपये घातले तर ती सगळी भानगडच मुळातून काढता येत होती.

पुढे एकच चेनव्हील ठेवायचे, यात नवल असे काहीच नाही. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते, बस्स. तिकडे फ्रान्समध्ये १९०३ साली टूर दी फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना तर डिरेलरचे मोठे वावडे. त्यांच्या शर्यतीत तो १९३७ साली आला. तोपर्यंत चढ आला की स्वार खाली उतरत आणि मागचे चाक उलटे बसवून दुसऱ्या बाजूची चकती वापरत. बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असे या गृहस्थांचे मत होते. मला त्या वयाला अजून दोन वर्षे आहेत! पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या स्रॅम कंपनीने डोंगरी सायकलींसाठी पुढे एकच चेनव्हील आणि मागे १० ते ४२ दात्यांच्या अकरा चकत्या असा सरंजाम काढला. त्या चेनव्हीलचा एक दाता जाड, दुसरा बारीक. म्हणून चेन सहसा उतरत नाही. मात्र त्या सरंजामाच्या किमतीत माझ्यासारख्या दोन सायकली याव्यात.

आमचा सरंजाम चाचांच्या दुकानात झाला. माझी चेनव्हील बोल्टांनी बसवलेली निघाली, हे नशीब. स्वस्त सायकलींत ती रिव्हेटने एकत्र ठोकलेली असतात. मधले ३४ चे ठेवायचे ठरले. ४२ चे काढले असते तर बोल्ट लांब पडले असते. तेव्हा चाचांनी ते शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन ग्राइंडरवर त्याचे सगळे दाते घासून टाकले आणि ती बोडकी चकती पुन्हा जागेवर बसवली. आता चेन बाहेर पडत नाही आणि पँटही अडकत नाही. आतल्या बाजूची सोय याहून नामी. पुढचा डिरेलर काढलाच नाही. त्याची तार तोडली आणि स्क्रू आवळून तो मधल्या चेनव्हीलवर कायमचा उभा केला. जन्मभर चेनला इकडून तिकडे हाकणारा हा प्राणी उतारवयात तिचा रखवालदार झाला. मागे १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील घातले. जुनी चेन उन्हाळ्यातच घेतलेली होती, ती लांबीलाही पुरली. कारण पूर्वी ४२ आणि २८ मिळून ७० दात्यांना ती पुरत होती, आता ३४ आणि ३४ मिळून ६८ च होतात. उरलेले २४ चे चेनव्हील चाचांनी एका पोराच्या सायकलीला लागते म्हणून ठेवून घेतले आणि पन्नास रुपये वजा केले. सगळे मिळून अकराशे चाळीस रुपये.

त्या २४ दात्यांचीच मला चिंता होती. माझे वडील राजूर घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला एका खेड्यात राहतात. ऐंशीच्या घरात आहेत. दर रविवारी त्यांच्या गोळ्या घेऊन मी खाली जातो. उतरताना गिअर लागत नाही. संध्याकाळी परतताना लागतो. पूर्वी सर्वांत हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरके, आता दोन मीटर सरकते. अंतर वीतभराहून थोडे अधिक. पण घाटात ही वीत गुडघा मोजतो. त्यातून या नव्या फ्रीव्हीलमध्ये २४ नंतर एकदम ३४, मधले काहीच नाही. एक गिअर जड, तर दुसरा नको तितका हलका.

वडिलांना हे सारे समजावून सांगितले. त्यांनी चेनव्हीलवर बोट फिरवले आणि म्हणाले, "घाटात सायकलवर बसत नसतात बाबू, सायकलीसंगं चालत असतात." तरुणपणी कचेरीच्या कामाला ते बुलढाण्याला असेच येत.

निघालो. पहिली वळणे २४ च्या चकतीवर रेटली. मग ३४ ची घातली, तर पाय वाऱ्यावर फिरल्यासारखे झाले. दम सावरायला तेवढी उसंत मिळाली. चेन कुरकुरली नाही, उतरलीही नाही. शेवटच्या चढाला मात्र मी खाली उतरलो आणि दीडशे पावले चाललो. पूर्वी तिथे उतरावे लागत नसे. तेवढी दीडशे पावले त्या अकराशे चाळीस रुपयांत मिळवावी लागतील. वर येऊन पुन्हा बसलो नि दिवेलागणीला घरी पोचलो. सोमवारी पहिला तास साडेसातचा होता. पाऊस होता, रस्त्यावर चिखल होता. मुले वर्गात होती.