सायकलीवरून थोरल्या घरी

प्रवासाला निघावे तर सोबतीने निघावे, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे. कोणी नुसते कोरेगावास जावयाचे म्हटले, तरी डबा कोण देणार आणि पोचवावयास कोण जाणार याचा खल आदल्या रात्री व्हावयाचाच. अशा घरात एकसष्ट वर्षांच्या गृहस्थाने साताऱ्याहून सांगलीस सायकलीवरून, आणि तेही एकट्याने, जाण्याचा बेत जाहीर केल्यावर काय गहजब उडाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ‘‘एस. टी. बंद पडल्या की काय?’’ असे सूनबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे खरे उत्तर मात्र मला चारचौघांत देववेना.

खरे उत्तर असे की, एस. टी.ने मी दोनदा सांगलीस जाऊन आलो होतो आणि दोन्ही खेपांस स्टँडवरूनच माघारी फिरलो होतो. सांगलीच्या गावभागात माझे थोरले बंधू राहतात. वडिलांच्या पश्चात वाडा विकण्यावरून आमच्यात शब्दाला शब्द लागला. तेवढ्यावर निभावलेही असते. परंतु २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर गावभागात शिरला, दादांच्या घरात पाणी उभे राहिले, आणि मी स्वतः न जाता बँकेतून पैसे पाठवून दिले. ते आठवड्याच्या आत जसेच्या तसे परत आले. तेव्हापासून अबोला होता. एस. टी. काही तासांत माणसाला पोचविते. पण तेवढ्या अवधीत माझे मन पोचत नसे. तेही पोचेल, इतक्या सावकाश जाणारे वाहन मला हवे होते.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे पाचला निघालो. माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ पुलावर क्षणभर थांबलो. येथून कृष्णा कऱ्हाडची वाट धरते. मी औंधवरून जाणार होतो. मात्र हेच पाणी पुढे सांगलीस दादांच्या घराजवळून वाहणार, हा विचार टाळू म्हणता टळेना. कोरेगाव मागे पडले, रहिमतपूर आले, तरी मी मनातल्या मनात भांडतच होतो. वाड्याचा हिशेब, त्या वेळचे शब्द, परत आलेले पैसे, सारे मुद्दे मी क्रमाने मांडीत होतो. सोबत कोणी नसल्यामुळे प्रतिपक्षाची भाषणेही मलाच करावी लागत, आणि ती मी अर्थातच दुबळी करीत होतो.

औंधच्या अलीकडे चढ लागला आणि वाद आपोआप थांबला. चढावर श्वास एकाच कामाला पुरतो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी बसून दशम्या सोडल्या. डोंगराच्या उतारावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आहे. ते पूर्वी पाहिलेले होते. म्हणून त्या दिवशी मी पंतांच्या दुसऱ्या एका कामाचा विचार करीत बसलो.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईस शिक्षकाची नोकरी करीत. त्यांनी तेथून सायकली धाडावयाच्या आणि बंधू रामुअण्णांनी बेळगावात त्या विकावयाच्या, शिवाय गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावयाचे, असा तो व्यवहार. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या या अधिपतींनी कुंडलजवळचे माळरान दिले. तेथे १९१० साली नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव मी आजवर कितीतरी विहिरींवरच्या पंपांवर वाचले होते. त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे माझे लक्ष त्या दिवशी प्रथमच गेले.

कारण मलाही सायकल दादांनीच शिकविली होती. साताऱ्यास राजवाड्यापुढच्या मैदानावर, तासाच्या भाड्याच्या सायकलीवर, मी कैची मारीत असे आणि ते मागून धावत असत. एकदा मी असा पडलो की, माझा गुडघा फुटला आणि सायकलीचे पायडल वाकले. दादा धावत आले, मला उठविले, गुडघा नळाखाली धरला. दुकानदाराचा भुर्दंड त्यांनी आपल्या शिकवणीच्या पैशांतून भरला आणि घरात कोणास कळू दिले नाही. पुसेसावळीच्या वाटेवर ही आठवण झाली आणि माझे क्रमवार मुद्दे एकदम निकालात निघाले. दादांनीही पैसेच दिले होते. पण त्याआधी ते धावत आले होते. मी नुसतेच पैसे पाठविले.

कडेगाव, देवराष्ट्रे मागे टाकून कुंडलच्या जवळ आलो, तोच मागचे चाक बसले. ऊन्ह कलले होते. अर्धा मैल सायकल ढकलीत नेल्यावर रस्त्याकडेला एका तरुणाची दुरुस्तीची टपरी लागली. ट्यूब पाण्यात बुडवीत त्याने विचारले, ‘‘कुठनं आलाय, काका?’’

‘‘साताऱ्याहून.’’

‘‘सायकलीवर? आन् निघालाय कुठं?’’

‘‘सांगलीला. थोरल्या भावाकडे.’’

‘‘मग घरलाच चाललाय की!’’ असे म्हणून त्याने ठिगळ चिकटविले. पंक्चरचे पैसे त्याने मोजून घेतले. चहाचे मात्र घेतले नाहीत.

किर्लोस्करवाडी, पलूस, नांद्रे. वाटेत द्राक्षांचे मळे आणि उसाने लादलेल्या गाड्या. त्यानंतर मी मनात एकही वाक्य जुळविले नाही.

दिवेलागणीच्या सुमारास गावभागात शिरलो. दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी आधी सायकलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या मागच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती.

‘‘मी तेव्हाच यायला हवे होते,’’ एवढेच माझ्या तोंडून निघाले.

दादांनी त्याला उत्तर दिले नाही. ते उठले, खाली आले, मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, ‘‘हवा कमी आहे. असाच आलास एवढ्या लांब?’’ मग आत वळून वहिनींना स्नानाचे पाणी काढावयास सांगितले.

तिसऱ्या दिवशी मी एस. टी.ने परतलो. सायकल सांगलीसच ठेवली आहे. ती आणावयास पुन्हा जावे लागणार, हे सूनबाईंच्या ध्यानात आले आहे; पण या खेपेस त्यांनी काही विचारले नाही.