मोहल्ल्याच्या कारभारणी

खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात पुरुष हा पाहुणा. तो येतो तेव्हा कोंबडी कापली जाते, पडवीत खुर्च्या मांडल्या जातात, सगळं गाव भेटून जातं. जातो तेव्हा एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोरं सोडायला जातात. मधले सगळे महिने घर बाईचं. खाडी बाणकोटची असो, दाभोळची असो की राजपुरीची, काठावरच्या कोकणी मुसलमानांच्या गावांची ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पी. अँड ओ.च्या आगबोटींवर इथले सारंग, टिंडेल, खलाशी असत. मग मुंबईची गोदी आली, आफ्रिकेचा किनारा आला, केपटाऊन आलं. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तशी कुवेत, सौदी, दुबईची वाट रुळली. बंदरं बदलत गेली; मागे राहणारी बाई तीच राहिली.

या गावांवर लिहिणारे मनीऑर्डरीबद्दल लिहितात. मनीऑर्डर महिन्यातून एकदा यायची, तीही आली तर. उरलेल्या एकोणतीस दिवसांचा जमाखर्च कुणी मांडत नाही. त्यातला प्रत्येक दिवस पहाटेच्या अजानच्याही आधी उजाडतो. वजूचं पाणी, फजरची नमाज, मग चूल.

तांदळाची भाकरी दिसते साधी, पण ती बाईची परीक्षा बघते. पाण्याला आधण आलं की मीठ घालून पीठ सोडायचं, झाकण ठेवून वाफ जिरू द्यायची आणि ती उकड परातीत काढून चटके सोसत मळायची. थांबायची मुभा नाही, कारण उकड गार झाली की भाकरीला चिरा पडतात. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत ती उलटायची. माझ्या दादीचं लक्ष मात्र यातल्या कशावरच नसायचं. ओठांवर दुरूद, कान गोठ्याकडे आणि डोळा मकतबला निघालेल्या पोरींच्या ओढण्यांवर. भाकऱ्या आपसूक फुगायच्या.

मे महिना तिच्या लेखी सुट्टीचा नव्हेच. रातांबे पिकले की अंगणात बायांचा घोळका बसे. फळ फोडायचं, बिया वेगळ्या करायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. दिवसचे दिवस हा खेळ चाले, तेव्हा कुठे वर्षाची आमसुलं बरणीत पडत. बियासुद्धा वाया जात नसत. त्यांचं तेल काढून त्याचे गोळे वळून ठेवायचे, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला. एकीकडे आंब्याची साठं, फणसाचे तळलेले गरे, पावसाळ्याच्या बेगमीची सुकट आणि बोंबील. आभाळ भरून आलं की साऱ्या मोहल्ल्यात एकच हाक उठे, ‘अगो, वाळवण उचला!’

आणि मग पाऊस. बाहेरची माणसं परद्याबद्दल फार विचारतात. त्यांनी एकदा आषाढातली लावणी बघायला यायला हवं होतं. दादीच्या पिढीतल्या बाया साडी गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्याचा पदर कानांमागे अडकवून, पाठीवर इरलं घेऊन चिखलात उभ्या राहत. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. शेजारच्या वाडीतल्या कुळवाडी बायाही त्याच ओळीत, तशाच वाकलेल्या. दिवसभर वाकल्यावर कंबर सगळ्यांची सारखीच दुखते. काळा बुरखा आमच्याकडे घरोघरी झाला तो पुढे, आखातातून येणाऱ्या पेट्यांमधून, अत्तराच्या बाटल्यांबरोबर आणि टेपरेकॉर्डरबरोबर.

त्या टेपरेकॉर्डरनं एक नवीनच पेच आणला. आखातातला नवरा पत्र लिहिण्याऐवजी कॅसेट भरून पाठवू लागला आणि बायकोनं उत्तरही कॅसेटमध्येच द्यायचं. खोलीत सासू, नणंदा, शेजारच्या चाच्या, पोरंटोरं. सगळ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं. लाल बटण दाबलं की माझी खाला घसा खाकरायची आणि बातम्या द्यायची. गाईला वासरू झालं. उत्तरेकडची कौलं शाकारली. धाकट्याला ताप होता, उतरला. विहिरीचा गाळ काढून घेतला, मजुरी इतकी गेली. अर्ध्या तासाच्या त्या कॅसेटमध्ये तिच्याबद्दल एक वाक्य नसे. आता व्हिडिओ कॉल आहे. ती अजूनही फोन आधी मुलांकडे वळवते, मग गच्चीच्या नव्या स्लॅबकडे.

तिचा आवाज मोकळा व्हायचा तो हळदीच्या रात्री. पुरुष मांडवाबाहेर, आत बाया मांडी ठोकून बसलेल्या, मध्ये मेंदीचं ताट. आमच्या कोकणी बोलीतली गाणी एकीनं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. विहिणीची फिरकी घेतली जाई, नवरदेवाच्या ऐटीची टर उडवली जाई, आणि एखाद्या गाण्यावर अचानक सगळ्यांचे डोळे भरून येत. त्या रात्री कोण किती शिकलंय हे कुणी विचारत नसे.

सोसणं मात्र गाण्यात मावणारं नव्हतं. परदेशातून आलेल्या एका पत्रानं संसार मोडल्याच्या हकिगती या काठानं ऐकल्या आहेत. याच मुलखात, वाशिष्ठी नदीच्या काठी, चिपळूणजवळच्या मिरजोळीत समाजसुधारक हमीद दलवाई जन्मले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला, तेव्हा तोंडी तलाकाविरुद्ध चालायला बाया होत्या अवघ्या सात. एका दमात दिलेला तिहेरी तलाक गुन्हा ठरायला २०१९ उजाडलं. त्या कायद्यावर आमच्या मोहल्ल्यात आजही दोन मतं आहेत, आणि ती बायांमध्येही आहेत. पण त्या सात जणींच्या हिमतीबद्दल माझ्या मनात दुसरं मत नाही.

माझं गाऱ्हाणं त्याहून साधं आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. कुराणानं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे, आणि मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा. धर्माच्या बाकी गोष्टींत आम्ही काटेकोर. नवरा गेला तर चार महिने दहा दिवसांची इद्दत एकही दिवस चुकवत नाही. वाट्याची गोष्ट निघाली की मात्र सगळे गप्प. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, कारण माहेरचं दार उघडं राहायला हवं. शेजारच्या हिंदू वाडीतली बहीणही तशीच सही करते, त्याच कारणासाठी. भाऊ तिला चांगलीशी साडी घेतो आणि हिशेब मिटतो.

ज्या बाईनं ते शेत चिखलून घेतलं, बांध घातले, गडी ठरवले, तिचं नाव सातबाऱ्यावर नाही. ज्या घराची कौलं तिनं दर साली उभं राहून शाकारून घेतली, त्या घराची पट्टी तिच्या नावावर फाटत नाही. पैसे त्यानं पाठवले हे खरंच. परमुलुखात त्यानंही हाडं झिजवली. पण गाव उभं राहिलं ते तिच्या कारभारावर.

म्हणून पुढच्या सुट्टीला येणाऱ्या भावांना एवढंच सांगणं आहे. येताना अत्तर, खजूर नाही आणलेत तरी चालेल. आलात की एक दिवस काढा, बायकोला आणि बहिणीला बरोबर घ्या आणि तलाठ्याच्या कचेरीत जाऊन त्यांची नावं लावायचा अर्ज देऊन या.